नऊशे अठ्ठ्याऐंशी पायांचा पाहुणा

आपल्याकडे पिढी म्हटली की पंचवीस-तीस वर्षांचा हिशेब धरायचा. आजा, बाप, नातू अशा तीन पिढ्या म्हणजे पाऊण शतक झालं. संगणकाच्या मुलखात मात्र पिढी दीड वर्षाच्या आत म्हातारी होते. इंटेल कंपनीच्या 'कोअर' प्रोसेसरांची दुसरी पिढी २०११ च्या जानेवारीत बाजारात आली, तिसरी २०१२ च्या एप्रिलात आणि चौथी २०१३ च्या जूनमध्ये. घरातली पोर पहिलीतून तिसरीत जाते तेवढ्या अवधीत तिकडे तीन पिढ्या होऊन जातात आणि मागची प्रत्येक पिढी अडगळीत पडते.

मला या वंशावळीचं ज्ञान नातीमुळे झालं. एरवी मी उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपमध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस; लोखंड, पितळ आणि मायक्रोमीटर एवढंच माझं जग. पण गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या उन्हाळ्यात, आमच्या घरात जो प्रश्न उभा राहिला त्याचं उत्तर शेवटी माझ्याच जुन्या धंद्याच्या भाषेत मिळालं, म्हणून हे लिहायला बसलो.

प्रश्न साधा होता. नात पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला. तिला संगणकावरचा खेळ तयार करायचा होता. खेळायचा नव्हे, करायचा. दिवाळीत आपली मुलं अंगणात मातीचे किल्ले करतात ना, तसा किल्ला पडद्यावर बांधायचा. दगड रचायचे, बुरूज उभारायचे, मावळे ठेवायचे, आणि सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत. नमुन्याला तिने आपला येळ्ळूरचा राजहंसगड घेतला होता. कल्पना छान होती, पण ती पेलणारं यंत्र घरात नव्हतं. नव्या लॅपटॉपची चौकशी केली तेव्हा तिला लागेल तशा यंत्राची किंमत पंच्याऐंशी हजारांच्या घरात निघाली. थोरल्याचे वडगावात चार माग आहेत. त्यांतले दोन त्या वेळी बंद होते. तरी तो म्हणाला, "हप्त्यावर घेऊया की. पोरीचं अडायला नको." रात्री जेवताना त्याने हे वाक्य तीनदा म्हटलं. एकदाच म्हटलं असतं तर मला काळजी वाटली नसती.

घरात लॅपटॉप नव्हता असं नाही. माझ्या धाकट्याने २०१२ साली इंजिनिअरिंगला असताना घेतलेला एक 'गेमिंग लॅपटॉप' होता. घेताना त्याने तो अभ्यासासाठी घेतला असंच आम्हाला सांगितलं होतं. वजनाला तीन किलो, पाठ उष्ण आणि पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. धाकटा पुण्याला नोकरीला गेला, त्याने नवा घेतला आणि हा कपाटात आला. २०२० च्या टाळेबंदीत नातीच्या ऑनलाईन शाळेसाठी तो बाहेर काढला. पुढे तिने त्याची जुनी फिरती हार्ड डिस्क काढून त्या जागी एसएसडी बसवली, तेव्हा सुरू व्हायला चार-पाच मिनिटं घेणारं ते यंत्र अर्ध्या मिनिटात उभं राहू लागलं. जुन्या लॅपटॉपवर पहिला पैसा खर्चायचा तो इथेच, असं ती सर्वांना सांगते, आणि ते खरं आहे. पण राजहंसगडाचं एक चित्र छायाप्रकाशासह पुरं करायला त्याला एकेचाळीस मिनिटं लागत होती आणि तेवढ्या वेळात त्याच्यावर पापड भाजून निघाला असता.

एका सकाळी ती म्हणाली, "आज्जा, नवीन नको. ह्याचा प्रोसेसर तेवढा बदलतो." (आमच्याकडच्या मुली 'मी करतो', 'मी जातो' असंच बोलतात, पुणेकरांनी हसू नये.)

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, असं शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. मला ती उपमा पटत नाही. मी त्याला लेथवरचा कारागीर म्हणेन. समोर येईल तो जॉब घ्यायचा, सांगितलं तेवढं करायचं आणि पुढे सरकवायचा. धाकट्याच्या लॅपटॉपमध्ये 'आय-५ २४५०एम' नावाचा दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर होता. त्यात दोन कोअर, म्हणजे दोन कारागीर. नातीच्या डोक्यात होता तो 'आय-७ ३६३२क्यूएम', तिसऱ्या पिढीचा, चार कारागिरांचा. गंमत अशी की दोघांचीही भूक सारखीच, ३५ वॅटची. हे कसं, तर दुसऱ्या पिढीचं काम ३२ नॅनोमीटरच्या मापाचं आणि तिसरीचं २२ नॅनोमीटरचं. काम बारीक झालं, म्हणून तेवढ्याच जागेत आणि तेवढ्याच विजेवर चौघे पोसता आले. १९७१ साली निघालेल्या इंटेलच्या ४००४ या पहिल्या प्रोसेसरवर २,३०० ट्रान्झिस्टर होते. तिसऱ्या पिढीच्या चार कोअरच्या प्रोसेसरवर ते १४० कोटी आहेत. देशात जेवढी माणसं, साधारण तेवढे. आणि हे सगळं दीड इंच चौरसाच्या एका हिरव्या पत्रीवरच्या नखाएवढ्या तुकड्यात.

खडेबाजारात एका गाळ्यात लॅपटॉप दुरुस्त करणारा एक कन्नड कारागीर आहे. हात चांगला, बोलणं त्याहून चांगलं. त्याला विचारलं तर तो मान हलवून म्हणाला, "आगंगिल्ल री काका, बिडरी. लॅपटॉपचा प्रोसेसर कुठं बदलतोय? बोर्डाला सोल्डर केलेला असतोय." त्याचं चुकत नव्हतं. त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेक यंत्रांबाबत ते खरंच होतं. इंटेलच्या पाचव्या पिढीपासून, म्हणजे साधारण २०१५ पासून, लॅपटॉपचे प्रोसेसर मदरबोर्डला कायमचे डाखून येतात. त्याआधीच्या अनेक यंत्रांत मात्र प्रोसेसरसाठी खोबण असे. एक स्क्रू अर्धा वळसा फिरवला की प्रोसेसर मोकळा, पुन्हा फिरवला की पक्का. आमचा लॅपटॉप त्या जातीचा होता. नातीने तिथेच मागचं झाकण काढून त्याला खोबण दाखवली. तो वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "नोडोण री." म्हणजे बघूया. आमच्याकडे 'नाही'कडून 'होय'कडे जाणारा रस्ता नेहमी ह्याच शब्दावरून जातो.

मशीनशॉपमध्ये एखाद्या जुन्या मशीनला नवी मोटर बसवायची झाली तर आम्ही तीन प्रश्न विचारायचो. बसेल का? चालवणारं पॅनेल तिला ओळखेल का? आणि चौकट तिला सोसेल का? लॅपटॉपबाबतही हेच तीन प्रश्न निघाले आणि पुढचे पंधरा दिवस आम्ही आजा-नात त्यांतच होतो.

बसेल का, याचं उत्तर सोपं होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या अशा प्रोसेसरांची खोबण एकच, ९८८ छिद्रांची. चौथ्या पिढीला कंपनीने खोबणच बदलली आणि पुढचं दार बंद झालं. म्हणजे आमच्या यंत्राच्या नशिबात पुढची एकच पिढी होती. त्यातही मेख होती. हाच ३६३२क्यूएम पायांविनाही निघतो, थेट डाखायचा. नाव तेच, काम तेच, पण आपल्या खोबणीला निरुपयोगी. विकणाऱ्याकडून पायांच्या बाजूचा फोटो मागवल्याशिवाय नातीने पैसे पाठवले नाहीत.

ओळखेल का, हा प्रश्न अवघड. संगणक सुरू होताना मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमधला 'बायोस' नावाचा कार्यक्रम सर्वांत आधी जागा होतो आणि दारात कोण आलं आहे ते बघतो. त्याच्याजवळ माहितीतल्या प्रोसेसरांची यादी असते. यादीत नाव असेल तर काम पुढे चालतं. नसेल तर पाहुणा ९८८ पाय नीट टेकून बसला असला, त्याला वीज मिळाली असली, तरी पडदा काळाच राहतो. आमच्या लॅपटॉपचा बायोस दुसऱ्या पिढीच्या काळातला. तिसरीचं नाव त्याने ऐकलेलं नव्हतं.

सीमाभागातल्या माणसाला हे फारसं समजावून सांगावं लागत नाही. १९५६ मध्ये राज्यं नव्याने आखली गेली तेव्हा आमची घरं जागची हलली नाहीत, याद्या हलल्या. शेताच्या उताऱ्यावरचं आपलंच नाव शेजाऱ्याकडून वाचून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. २०१४ मध्ये बेळगावचं कागदोपत्री बेळगावी झालं. बसायला जागा असणं आणि नोंद असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला लहानपणीच कळतं. म्हणून नातीने बायोसची भानगड सांगितली तेव्हा मी म्हणालो, "कळलं. आधी यादी दुरुस्त करून घे, मग माणूस आण."

नेमका तोच क्रम होता. बायोसची नवी आवृत्ती चढवायची ती जुना प्रोसेसर जागेवर असतानाच; कारण नवा बसवल्यावर यंत्रच सुरू होणार नाही, मग चढवणार कशी? आमचं नशीब असं की लॅपटॉप बनवणाऱ्यांनी हीच चौकट पुढे तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरासह विकली होती आणि त्यासाठी काढलेली बायोसची आवृत्ती जुन्या यंत्रालाही चालत होती. सगळ्याच यंत्रांना ही सोय मिळाली नाही. खोबण तीच असूनही कित्येक लॅपटॉप दुसऱ्या पिढीवरच थांबले, कारण कुणी त्यांची यादी पुढे लिहिली नाही.

आणखी एक अडसर होता. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर यंत्र कायमचं मुकं होऊ शकतं. म्हणून बॅटरीत पुरेशी वीज असल्याशिवाय ते हे काम सुरूच करत नाही. आमची बॅटरी तेरा वर्षांची, नावापुरती. म्हणजे प्रोसेसरच्या आधी बॅटरी आली. बॅटरी १,८०० रुपये, वापरलेला प्रोसेसर ३,४००, रॅमची एक जादा पट्टी १,१०० आणि थर्मल पेस्टची नळी ३५०. एकूण ६,६५०. नातीने हिशेब वहीत लिहिला आणि खाली पंच्याऐंशी हजारांतून वजाबाकी करून ठेवली. ती वही थोरल्याने उघडून बघितली. बोलला काही नाही, पण त्या रात्री हप्त्यांचा विषय निघाला नाही.

प्रोसेसर दिल्लीहून कुरिअरने आला. भिंगाखाली धरला तर एका कडेचे दोन पाय वाकलेले. सोनेरी, केसाएवढे पाय. एक तुटला तर सगळं गेलं. कारागीर म्हणाला, परत पाठवा. नात माझ्याकडे बघायला लागली. टूलरूममध्ये मी सुयांएवढे पंच सरळ केले आहेत. पण आता माझी बोटं कापतात. मी तिला माझं जुनं भिंग दिलं आणि खडूच्या पेन्सिलीऐवजी शिशाची कांडी बदलता येते ती पेन्सिल आणायला सांगितलं. कांडी काढून टाकली की पुढे बारीक नळी राहते. ती पायावर टोपीसारखी बसते. "एकदम वळवू नकोस. थोडं वळव, सोड, बघ. परत थोडं. धातूला वेळ दिला तर तो ऐकतो." तिने वीस मिनिटं घेतली. दुसरा पाय रांगेत आला तेव्हा गाळ्यातली दोन गिऱ्हाईकंही वाकून बघत होती, आणि कारागिराने आमच्यासाठी चहा सांगितला होता.

पुढचं काम तसं थोडं. जुना प्रोसेसर काढला, नव्याच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण खोबणीच्या खुणेशी जुळवला, वरून न दाबता त्याला आपसूक बसू दिलं आणि स्क्रू फिरवला. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट. तांब्याच्या नळीवरून आणि पंख्याच्या जाळीतून तेरा वर्षांचं धुळीचं जाड कांबळं निघालं. त्यात बहुधा आमच्या मागांचा कापूसही असावा. मग बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा थांबला. पडदा काळा. थोरला सहज म्हणून आलो असं सांगत दारात उभा होता. तिसऱ्यांदा पंखा फिरला आणि पडद्यावर अक्षरं आली. चार कोअर. नातीने ती ओळ मोठ्याने वाचली. कारागीर म्हणाला, "आयतल्ला री!" म्हणजे झालं की हो! दुसऱ्या पिढीच्या जागी तिसरी पिढी बसली होती, आणि बसवलीही घरातल्या तिसऱ्या पिढीनेच.

सोसेल का, ह्याचा निकाल दुसऱ्या दिवशी लागला. राजहंसगडाचं तेच चित्र, तोच प्रकाश. एकेचाळीस मिनिटांच्या जागी वीस. तापमान आधी ९६ अंशांपर्यंत चढायचं, ते आता ८४ च्या पुढे गेलं नाही. यात प्रोसेसरपेक्षा साफसफाईचं श्रेय जास्त. ४५ वॅटचा त्याहून ताकदीचा प्रोसेसर त्याच भावात मिळत होता. नातीने तो घेतला नाही, कारण ही तांब्याची नळी ३५ वॅटच्या मापाने केलेली होती. आमच्याकडे दीड हॉर्सपॉवरच्या जागी तीनची मोटर बसवून बेअरिंग जाळणारे कितीतरी मालक होते. त्यांना हे शहाणपण ऐकवायला हवं होतं.

पण ज्यासाठी धाकट्याने हा लॅपटॉप घेतला होता ते काम, म्हणजे खेळणं, त्यात काय फरक पडला? जवळजवळ नाही. धाकट्याने पुण्याहून उत्सुकतेने विचारलं, तेव्हा त्याला हे ऐकून वाईट वाटलं. खेळाची दृश्यं रंगवण्याचं काम वेगळ्या चिपचं, आणि ती ग्राफिक्स चिप मदरबोर्डलाच डाखलेली, २०११ सालची. ती आपल्याच चालीने चालणार. शॉपमध्ये लेथवर चार माणसं वाढवली आणि ग्राइंडिंगला एकच माणूस ठेवला, तर माल ग्राइंडिंगपाशी साठत राहतो. शिवाय जे काम वाटून घेता येतं तिथेच चौघांचा उपयोग. एका नटाला चौघांनी पाना लावून तो चौपट वेगाने बसत नाही. चित्राचे तुकडे वाटता येतात, म्हणून गड निम्म्या वेळात उभा राहिला. जुन्या यंत्रात नवा प्रोसेसर घालायचा विचार करणाऱ्याने आपलं काम नेमकं कुठे अडतं आहे ते आधी बघावं. उत्तर 'ग्राफिक्स' असं आलं, तर पैसे खिशात ठेवावेत.

यादीचा प्रश्न तरी पुरता कुठे सुटला! विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचीच नावं आहेत. आमचा तिसरीचा पाहुणा तिथे पुन्हा बिननोंदीचा. नातीने लिनक्स बसवलं. ब्लेंडर आणि गोडो ही तिची दोन्ही अवजारं फुकट मिळतात आणि तिथे चालतात. लिनक्सला तुमच्या पिढीची फारशी चौकशी नसते. काम करतोस ना, मग बस.

प्रोसेसर डाखून टाकण्यामागे कारणं नाहीत असं नाही. खोबण उंची घेते. ती गेली म्हणून आजचे लॅपटॉप वहीसारखे पातळ झाले. सांधा कमी झाला की सैल होण्याची एक जागाही कमी होते. हे मी कारखान्यातला माणूस म्हणून मान्य करतो. पण सांधा गेला की दुरुस्तीही जाते. ज्या वस्तूचा एकच भाग थकला आहे ती सगळीच्या सगळी टाकावी लागते, आणि तिच्याबरोबर टाकणाऱ्याच्या खिशातले पंच्याऐंशी हजारही. अमेरिकेत फ्रेमवर्क नावाची एक कंपनी २०२१ पासून असे लॅपटॉप विकते आहे की ज्यांचा मदरबोर्ड काढून त्याच चौकटीत पुढच्या पिढीचा घालता येतो. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ उघडलं. म्हणजे वारा थोडा फिरतो आहे. पण मूळ गोष्ट कायद्याने येईल असं मला वाटत नाही. यंत्र आखतानाच कुणीतरी म्हणावं लागतं, की पुढे येणाऱ्यासाठी इथे एक जागा सोडा. आमच्या लॅपटॉपचं आयुष्य वाढलं ते नातीच्या हुशारीने खरं, पण २०११ मध्ये कुणा अनोळखी माणसाने एक स्क्रू ठेवला होता म्हणूनही.

नातीचा किल्ला अजून पुरा व्हायचा आहे. दोन बुरूज आणि महादरवाजा झाला. कन्नड सूचना तिने खडेबाजारातल्या कारागिराकडून तपासून घेतल्या. त्याने दोन शब्द बदलायला लावले आणि मावळ्यांची पगडी चुकली आहे असंही सांगितलं. लॅपटॉप आणखी दोन वर्षं काढेल असा तिचा अंदाज आहे. तोवर शिक्षण पुरं होईल, मग ती स्वतःच्या पैशाने घेईल म्हणते. थोरल्याने बंद पडलेल्या दोन मागांपैकी एक पुन्हा लावला आहे.

काढलेला आय-५ काही दिवस माझ्या पानाच्या जुन्या डबीत, कापसात ठेवला होता. नातीच्या वर्गात खानापूरकडचा एक मुलगा आहे. त्याच्या लॅपटॉपमध्ये त्याहून मंद असा आय-३ होता. पिढी तीच, दुसरी, त्यामुळे ओळख पटायला अडचण आली नाही. नातीने एका दुपारी बसवून दिला, पैसे घेतले नाहीत. "मशीन पळायलंय," असा त्याचा निरोप आला. त्यातून निघालेला आय-३ आता त्या डबीत आहे. पाय सगळे सरळ आहेत, मी भिंगातून मोजून बघितले. कुणाला उपयोगी पडत असेल तर घेऊन जावा.